पायाचं बोट दुखावलं, उजवा हात गेला! डिझी डीनची गोष्ट

गोलंदाजाचं दुखणं खांद्यात असलं, तरी त्याचं मूळ पायात असू शकतं. क्रिकेटमध्ये हे आपण पाहतोच. अमेरिकन बेसबॉलमध्ये याची सर्वांत मोठी किंमत मोजली ती डिझी डीनने, तीही ऐन सत्ताविशीत.

डीनचा जन्म १६ जानेवारी १९१० रोजी आर्कान्सा राज्यातल्या लुकास इथला. घरची गरिबी, बाप दुसऱ्याच्या रानात वाट्याने कापूस पिकवायचा. पोरानेही शाळा सोडून कापूस वेचला, पुढे सैन्यात गेला. डिझी म्हणजे चक्रम. हे नाव त्याला कायमचं चिकटलं.

सेंट लुईस कार्डिनल्सकडून १९३४ मध्ये त्याने ३० सामने जिंकले, हरले फक्त ७. नॅशनल लीगमध्ये त्यानंतर एकाही पिचरला तिशी गाठता आलेली नाही. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये डेट्रॉईट टायगर्सविरुद्धचे चारही विजय डिझी आणि धाकटा भाऊ पॉल यांनी दोन-दोन वाटून घेतले.

७ जुलै १९३७ रोजी वॉशिंग्टनमध्ये ऑल-स्टार सामना होता. अर्ल अ‍ॅव्हरिलने मारलेला सणसणीत फटका थेट डीनच्या डाव्या पायावर आदळला आणि बोटाचं हाड मोडलं. ते पुरतं भरून येण्याआधीच गडी पुन्हा मैदानात उतरला.

घात इथेच झाला. उजव्या हाताने फेकणारा पिचर डावा पाय लांब टाकतो, सगळं अंग त्यावर तोलतो आणि पाय, कंबर, पाठ यांचा जोर शेवटी हातात येतो. डीन दुखरं बोट वाचवायला पाय जपून टाकू लागला. अ‍ॅक्शन बिघडली. खालचा जोर कमी पडला आणि सगळा भार खांद्यावर आला. हात दुखावला, तो कायमचाच. त्याच्या चेंडूचा वेग गेला.

तरीही १९३८ मध्ये शिकागो कब्जने १ लाख ८५ हजार डॉलर आणि तीन खेळाडू देऊन त्याला घेतलं. वेग नव्हता, डोकं होतं. हळू चेंडूंवर फलंदाजांना फसवत त्याने त्या मोसमात ७ सामने जिंकले, एकच हरला. वर्ल्ड सिरीजमध्ये बलाढ्य यांकीजना सात इनिंग्ज रोखून धरलं. पण आठव्यात क्रोसेटीने आणि नवव्यात डिमॅजिओने होमरन ठोकले आणि सामना हातचा गेला.

१९४१ मध्ये तो निवृत्त झाला आणि समालोचक म्हणून घराघरात पोचला. १९५३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. १७ जुलै १९७४ रोजी नेवाडातल्या रेनो इथे त्याचं निधन झालं.

कारकिर्दीत एकूण १५० विजय. त्यातले १३४ हे १९३७ च्या मोसमाअखेरपर्यंतचे, उरलेल्या सगळ्या वर्षांत मिळून फक्त १६. दुखापत अंगावर काढून खेळायला उतरणाऱ्या प्रत्येक पोराने आणि त्याला उतरवणाऱ्या प्रत्येक कोचने हे आकडे ध्यानात ठेवावेत.