पुस्तकं बांधणारा पोरगा, ज्याच्या शोधावर आज चंद्रपूरचं वीज केंद्र चालतं

बल्लारपूरकरांना चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र काही नवीन नाही. क्षमता तब्बल २,९२० मेगावॅट. पण तिथे जळणाऱ्या कोळशाची थेट वीज होत नाही. कोळशामुळे पाण्याची वाफ होते आणि वाफ टर्बाइन फिरवते, बस्स. मग या फिरण्यातून वीज येते कुठून?

याचं उत्तर शोधलं मायकल फॅरेडे यांनी.

फॅरेडेंचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळचा. वडील लोहार, घरची गरिबी. शिक्षण म्हणजे लिहिण्या-वाचण्यापुरतं आणि थोडं अंकगणित. वयाच्या १४ व्या वर्षी ते एका बुकबाइंडरकडे काम शिकायला लागले. पोरगा पुस्तकं बांधायचा आणि बांधता बांधता ती वाचायचा. विजेची गोडी त्याला तिथेच लागली.

१८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाईकाने त्यांना प्रसिद्ध शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेंनी सगळं उतरवून घेतलं, त्याचं नीट बाइंडिंग केलं आणि ते पुस्तक डेव्हींना पाठवलं. १८१३ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हींचे मदतनीस झाले.

पण गरीब घरातून आल्याची किंमत मोजावी लागली. युरोपच्या दौऱ्यात त्यांना डेव्हींच्या नोकराचीही कामं करावी लागली. १८२१ मध्ये त्यांनी विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली, तर दुसऱ्या शास्त्रज्ञाची कल्पना चोरल्याचा ठपका आला. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं, त्यालाही विरोध केला तो खुद्द डेव्हींनी.

तोवर एक गोष्ट सगळ्यांना कळली होती. तारेतून वीज गेली की शेजारची होकायंत्राची सुई हलते, म्हणजे विजेपासून चुंबकत्व मिळतं. मग चुंबकापासून वीज का मिळू नये? अनेकांनी तारेजवळ चुंबक ठेवून पाहिला. काहीच झालं नाही.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरेडेंनी लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एक बॅटरीला जोडलं, दुसऱ्याची तार चुंबकीय सुईजवळून नेली. बॅटरी जोडताच सुई हलली आणि लगेच जागेवर आली. बॅटरी काढताच पुन्हा हलली. मधल्या वेळेत मात्र वीज चालू असूनही सुई ढिम्म!

खरी गोम इथेच होती. नुसतं चुंबकत्व असून भागत नाही, ते बदलावं लागतं. १७ ऑक्टोबरला त्यांनी तारेच्या पोकळ वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केला. चुंबक हलला की वीज, थांबला की काही नाही. चुंबक जितक्या वेगाने हलवाल, तितका विजेचा दाब जास्त. दहावीच्या विज्ञानात आपण शिकतो ते विद्युत चुंबकीय प्रवर्तन हेच. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनाही हे स्वतंत्रपणे सापडलं होतं, पण फॅरेडेंचं संशोधन आधी जाहीर झालं.

वीज केंद्रात टर्बाइनला जोडलेला प्रचंड विद्युतचुंबक तांब्याच्या वेटोळ्यांमध्ये मिनिटाला ३,००० वेळा फिरतो. म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, आणि म्हणून आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. गल्लीतल्या डीपीतला ट्रान्सफॉर्मर म्हणजे त्या लोखंडी कड्याचाच मोठा भाऊ. डीपीला सतत उलटसुलट होणारी एसी वीज लागते, तीही याच कारणाने. स्थिर विजेवर तो चालतच नाही.

फॅरेडेंना गणित फारसं येत नव्हतं. त्यांनी चुंबकाभोवती बलरेषांचं चित्र डोळ्यांसमोर उभं केलं. पुढे जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी त्याच चित्राला गणिताची समीकरणं दिली.

नाव झालं, तरी फॅरेडेंनी ‘सर’ हा किताब नाकारला. ज्या रॉयल सोसायटीत शिरताना विरोध झाला, तिचं अध्यक्षपद पुढे दोनदा चालून आलं. दोन्ही वेळा त्यांनी नाही म्हटलं. लहान मुलांना विज्ञान समजावून सांगणारी ख्रिसमस व्याख्यानं मात्र ते वर्षानुवर्षं देत राहिले.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचं निधन झालं. राजेरजवाड्यांच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन त्यांना नको होतं. लोहाराच्या या मुलाची साधी कबर आजही लंडनच्या हायगेट दफनभूमीत आहे.