माशांचं बारसं करणारा डॉक्टर

फिश टँकमधला झेब्रा, गोरामी, रोझी बार्ब आणि ताटातला रोहूसुद्धा! यांची शास्त्रीय नावं ठेवली एकाच माणसाने. त्याने स्वतः मात्र फिश टँक कधी पाहिलाच नाही.

लातूरला फिश टँकच्या दुकानात गेलात तर काचेपलीकडे हे चेहरे भेटतातच. निळ्या पट्ट्यांचा, एक मिनिट गप न बसणारा झेब्रा. लाल-निळ्या तिरप्या रेघांचा ड्वार्फ गोरामी. मधाच्या रंगाचा हनी गोरामी. गुलाबी झाक असलेला रोझी बार्ब. आणि आरपार दिसणारा, अंगातला काटा न् काटा मोजता येईल असा ग्लास फिश.

आता मोबाइल काढा आणि एकेकाचं शास्त्रीय नाव शोधा. प्रत्येक नावापुढे तोच माणूस, तेच साल. हॅमिल्टन, १८२२.

थांबा, अजून आहे. किल्लारीच्या आसपास मासळीवाल्याच्या तागडीत पडतात ते रोहू आणि कटला? त्यांच्याही नावापुढे हॅमिल्टन, १८२२. म्हणजे हॉलमधला टँक असो की चुलीवरचं कालवण, हा माणूस दोन्हीकडे हजर!

कोण होता हा?

धाकटा मुलगा, बोटीवरचा डॉक्टर

त्याचं मूळ नाव फ्रान्सिस बुकॅनन. जन्म १५ फेब्रुवारी १७६२, स्कॉटलंडमधला. घर जमीनदाराचं, पण हा धाकट्यांपैकी. तिथल्या रिवाजाप्रमाणे जमीन थोरल्याकडे जाणार, धाकट्याने आपलं पोट आपण भरायचं. त्याने एडिंबराला डॉक्टरकी केली आणि १७८३ मध्ये पदवी घेतली. तिथेच वनस्पतिशास्त्राचाही नाद लागला. प्रत्येक सजीवाला दोन शब्दांचं नाव द्यायची लिनियसची पद्धत तेव्हा नवी होती. ती त्याने मनापासून शिकून घेतली.

मग काही वर्षं बोटीवर डॉक्टर म्हणून नोकरी. १७९४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला बंगालमध्ये घेतलं. पुढच्याच वर्षी तो कंपनीच्या वकिलातीबरोबर ब्रह्मदेशात गेला. तिथून परतल्यावर नेमणूक झाली लक्ष्मीपूरला, आजच्या बांगलादेशात. चहूकडे नद्या, खाड्या, भातखाचरं. पाणी तिथे मासे! डॉक्टरसाहेबांना काम बेताचं आणि समोर रोज नवा मासा. इथून त्याला जो नाद लागला तो शेवटपर्यंत सुटला नाही.

काम कंपनीचं, डोळे स्वतःचे

१७९९ मध्ये टिपू सुलतान पडला. नवा मुलूख नेमका कसा आहे हे कंपनीला हवं होतं. १८०० मध्ये बुकॅननला म्हैसूर, कॅनरा, मलबार पालथं घालायला पाठवलं. पीक कुठलं, विणकर किती, लोखंड कसं गाळतात, सगळं लिहून आणायचं. त्याने आणलंही. पुढे त्याचे तीन जाडजूड खंड निघाले. मग नेपाळ. मग कलकत्त्याजवळ बराकपूरला प्राणिसंग्रह सांभाळायचं काम.

सगळ्यात मोठी कामगिरी आली १८०७ मध्ये. बंगाल आणि बिहारच्या जिल्ह्यांची पाहणी. दिनाजपूर, रंगपूर, पूर्णिया, भागलपूर, शहाबाद करत पार गोरखपूरपर्यंत. सात वर्षं हेच. कोरड्या दिवसांत फिरायचं, पावसाळ्यात एका जागी बसून लिहायचं. शेती, धंदे, देवळं, बाजार आणि मासेमारीसुद्धा!

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. ही काही समाजसेवा नव्हती. मुलखात काय पिकतं आणि त्यातून काय मिळेल, हे कंपनीला मोजायचं होतं. बुकॅननच्या अहवालांत इथल्या माणसांबद्दल कडवट शेरेही भरपूर आहेत. पण माशांच्या बाबतीत त्याने एक काम असं केलं, ज्यासाठी त्याची आठवण काढावीच लागते.

नाव काय म्हणालात?

नव्या माशाला नाव द्यायचं म्हणजे साहेब लोक काय करायचे? लॅटिन-ग्रीक शब्द जोडायचे, नाहीतर लाटसाहेबाचं नाव चिकटवून टाकायचे. बढतीलाही बरं.

बुकॅननने वेगळी वाट धरली. कोळ्याच्या तोंडी जे नाव असेल, बहुतेक वेळा तेच उचललं. रोहू झाला 'रोहिता'. कटला 'कटला'च राहिला. बंगालीत छोट्या बार्बला पुंटी म्हणतात, त्यावरून आलं 'पुंटियस'. कांचन पुंटीचा झाला 'कॉन्कोनियस', म्हणजे आपला रोझी बार्ब. बंगालीतला लाल खोलिशा म्हणजे ड्वार्फ गोरामी, आणि 'लॅलियस' या त्याच्या नावात तो 'लाल' आजही ऐकू येतो. झेब्राचं नाव 'डॅनिओ रेरिओ'. यातला 'डॅनिओ' आला 'धानी'वरून. धानी म्हणजे भातखाचरातला. कोसी नदीत सापडलेला हा बोटाएवढा मासा आज जगभर भातशेतीचं नाव घेऊन फिरतोय.

टोकियोतला पोरगा असो की ब्राझीलमधली प्राध्यापक, झेब्राचं शास्त्रीय नाव घेतलं की ते दोनशे वर्षांपूर्वीच्या बंगाल-बिहारमधल्या कोळ्यांचा शब्द बोलतात. त्यातल्या एकाही कोळ्याचं नाव आज कुणाला ठाऊक नाही. चित्रं काढणारेही इथलेच. त्यातल्या हलुदार या एका बंगाली चित्रकाराचं नाव तेवढं टिकलं.

चित्रं गेली

१८१४ मध्ये कलकत्त्याच्या प्रसिद्ध बोटॅनिकल गार्डनचा कारभार बुकॅननकडे आला. पण तब्येत साथ देत नव्हती. १८१५ मध्ये त्याने घरी जायचं ठरवलं. वीस वर्षांची कमाई बांधली. त्यात माशांची चित्रं होती.

तेव्हा गव्हर्नर जनरल होता लॉर्ड मॉयरा, म्हणजे पुढचा लॉर्ड हेस्टिंग्ज. त्याने चित्रं अडवली. कंपनीच्या पगारावर काढलेली चित्रं कंपनीची, ती कलकत्त्यातच राहणार. झालं!

हा घाव किती खोल होता, हे समजायला एक गोष्ट माहीत हवी. आज नवी जात जाहीर करायची तर तिचा नमुना संग्रहालयात जपून ठेवतात. बुकॅननचे असे जपलेले नमुने नाहीतच. त्याच्या माशांचा पुरावा म्हणजे त्याने केलेली वर्णनं आणि ही चित्रं. त्यातला अर्धा पुरावा सातासमुद्रापलीकडे अडकला.

तरी गडी बसला नाही. जवळच्या टिपणांवर आणि हाताशी असलेल्या चित्रांवर त्याने पुस्तक पुरं केलं. १८२२ मध्ये एडिंबराला गंगा आणि तिच्या उपनद्यांमधल्या माशांवरचा त्याचा ग्रंथ निघाला. सोबत ३९ चित्रपानं. शंभराहून जास्त जाती विज्ञानाला पहिल्यांदाच कळल्या. दरम्यान आईकडची इस्टेट मिळाल्यामुळे त्याने हॅमिल्टन हे तिचं आडनाव घेतलं होतं. म्हणून माशांच्या नावापुढे हॅमिल्टन, तर म्हैसूरच्या पुस्तकावर बुकॅनन. माणूस एकच.

१५ जून १८२९ रोजी तो गेला. बंगालच्या पाहणीचे त्याचे अहवाल तोवर कंपनीच्या कपाटातच होते. १८३८ मध्ये दुसऱ्याच एकाने ते काटछाट करून तीन खंडांत छापले, आणि मुखपृष्ठावर बुकॅननचं नावच नव्हतं. कोळ्यांची नावं हरवली, तसंच थोडंसं त्याचंही झालं. कलकत्त्यात राहिलेल्या चित्रांना मात्र पुढे वाली भेटला. सुंदरलाल होरा या आपल्या मत्स्यशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये ती पुस्तकाशी ताडून पाहिली आणि कुठलं चित्र कुठल्या माशाचं, याचे बरेच घोळ मिटवले.

काचेपलीकडून कधीच नाही

सगळ्यात चुटपूट लावणारी गोष्ट पुढेच आहे. लोकांना मासे दाखवणारं पहिलं मत्स्यालय लंडनच्या प्राणिसंग्रहालयात उघडलं १८५३ मध्ये. हॅमिल्टन जाऊन तोवर २४ वर्षं झाली होती. त्याने मासा पाहिला तो जाळ्यात, टोपलीत नाहीतर मडक्यात, तोही बहुतेक वरून. झेब्राचा थवा एकदम वळतो तेव्हा पट्टे कसे चमकतात, गोरामीचा नर फेसाचं घरटं कसं बांधतो, हे निवांत बसून बघायची सोय त्याच्या काळात नव्हती. तुमच्या टेबलावर आहे.

झेब्राची पुढची कहाणी तर भन्नाट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो युरोपातल्या हौशी लोकांच्या टँकमध्ये पोचला. मग अमेरिकेत ओरेगन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणलं. अंडं पारदर्शक, त्यामुळे गर्भ वाढताना दिसतो. एका दिवसात हृदयाचे ठोके सुरू. इजा झालेलं हृदय हा मासा पुन्हा भरून काढतो. माणसाच्या साधारण ७० टक्के जनुकांना झेब्रामध्ये जोडीदार सापडतात. आपल्या मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही यावर काम चालतं. बायोलॉजीवाल्यांनो, पेपर वाचताना 'डॅनिओ रेरिओ' दिसला की कोसीकाठ आठवा.

आणि आपली तेरणा?

हॅमिल्टन मराठवाड्यात आला नाही. पण त्याच्या पुस्तकातले टिक्टो बार्ब, ग्लास फिश असे कितीतरी मासे महाराष्ट्राच्या पाण्यातही आहेत. आणि दख्खनलाही तिचा माणूस भेटला. कर्नल विल्यम हेन्री सायक्स. १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांविरुद्ध लढलेला हा अधिकारी पुढे मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरला. त्याने दख्खनच्या माशांवर लिहिलं तेव्हा नावं घेतली ती थेट मराठी. खुद्री, पोटेल, सिंगटी, नुक्ता. ही आज जगभरच्या शास्त्रीय यादीत पक्की बसली आहेत.

गावात मात्र काय उरलंय? आपल्या पिढीला गप्पी, मॉली, टेट्रा पाठ. तेरणेतल्या चार माशांची नावं सांगा म्हटलं तर आपली विकेट पडते. माकणीच्या धरणावर जाळं टाकणाऱ्या एखाद्या जुन्या भोईकाकांना ती येत असतील. विचारणार कोण?

टँक लावायचाय? मग एवढं करा

- काच : दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. पाणी साधारण ६० ते ७० लिटर. लहान बाऊल नकोच, त्यात पाणी लवकर नासतं. झाकण हवंच, झेब्रा उडी मारतो.
- घाई नको : माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी टँक भरला की मासे मरतात आणि लोक म्हणतात, टँक लाभला नाही.
- पाणी : बोअरचं जड पाणी झेब्राला चालतं. नुसतं आरओचं नको, त्यात क्षार उरत नाहीत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर एक दिवस उघडं ठेवा.
- उन्हाळा : पाणी उडतं, क्षार टँकमध्येच राहतात. म्हणून नुसती भर घालून भागत नाही. आठवड्याला पाव टँक बदला. ते १५ लिटर पाणी मोरीत सोडू नका, झाडांना घाला. रेल्वेने पाणी आलेला जिल्हा आहे आपला!
- लाइट गेली तर : फिल्टर बंद, हवा बंद. म्हणून मासे कमीच ठेवा. गोरामी वर येऊन हवा घेतो, तो तगतो. बाकीच्यांना गर्दी सोसत नाही. थंडीच्या रात्री छोटा हीटर लावा.
- हॅमिल्टन टँक : ८ झेब्रा, ड्वार्फ किंवा हनी गोरामीची एक जोडी, तळाला ४ छोटे लोच. बस्स. ड्वार्फचे दोन नर एकत्र नकोत, भांडतात. रोझी बार्बला तीन फुटी टँक लागतो. गोल्डफिश यांच्यात घालू नका, त्याला थंड पाणी लागतं आणि तो घाणही फार करतो.
- हे घेऊ नका : भडक गुलाबी-हिरवे 'रंगीत' ग्लास फिश. सुई टोचून अंगात रंग भरलेला असतो.
- हे करू नका : कंटाळा आला म्हणून मासे तेरणेत सोडणं. दक्षिण अमेरिकेतला सकर असाच कितीतरी भारतीय नद्यांत घुसलाय.
- वही ठेवा : डाव्या पानावर दुकानातलं नाव आणि शास्त्रीय नाव. उजव्या पानावर धरणावरच्या काकांना विचारून गावाकडचं नाव, आणि त्याखाली काकांचंही नाव. हॅमिल्टनकडून राहून गेलं ते हेच.