महेश्वरचं नाव देशभर नेणारी चौंडीची लेक

परळी म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर आधी थर्मल आठवतं, मग वैद्यनाथ! त्या वैद्यनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. गंमत म्हणजे परळी काही त्यांच्या राज्यात नव्हती.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा, गाव चौंडी. हे गाव जामखेड तालुक्यात, म्हणजे आपल्या बीड जिल्ह्याच्या शेजारीच. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. मल्हारराव होळकरांनी या मुलीला सून करून घेतलं, कारभारही शिकवला. पण पुढे घावावर घाव बसले. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. बाई एकटी पडली असं समजून राघोबादादा दौलतीवर डोळा ठेवून निघाले. बाईंनी त्यांना हात हलवत परत पाठवलं! मग फौज तुकोजी होळकरांकडे देऊन कारभार स्वतः हाती घेतला.

राजधानी त्यांनी नर्मदेकाठी महेश्वरला नेली. आज शहराची जाहिरात करायला लोगो, माहितीपत्रकं, स्टॉल लागतात. बाईंनी घाट बांधले आणि बाहेरगावचे विणकर आणून वसवले. दरबारात आलेल्या पाहुण्यांना तिथंच विणलेली वस्त्रं भेट मिळत, असं सांगतात. पाहुणा गावी परतला की महेश्वरचं नाव आपोआप त्याच्या घरात पोचायचं. साडीच्या काठावर नक्षीसुद्धा किल्ल्याची नि घाटाची. मार्केटिंगवाल्यांनी हे जरूर अभ्यासावं.

पण त्यांचं खरं मोठं काम यात्रेच्या वाटांवर. काशी विश्वनाथाचं देऊळ १७८० मध्ये, गयेचं विष्णुपद १७८७ मध्ये. शिवाय सोमनाथ, वेरूळचा घृष्णेश्वर, आपली परळी. नुसतं देऊळ बांधून त्या थांबल्या नाहीत. यात्रेकरूला प्यायला पाणी हवं, मुक्कामाला छप्पर हवं, नदीत उतरायला पायऱ्या हव्यात, म्हणून ठिकठिकाणी विहिरी, धर्मशाळा, घाट. यातली बरीच ठिकाणं दुसऱ्यांच्या मुलखात, म्हणजे तिथून महसुलाचा एक रुपयाही यायचा नाही. आणि खर्च? तो राज्याच्या तिजोरीतून नाही, स्वतःच्या खासगी उत्पन्नातून. आजच्या कुठल्या पर्यटन खात्याला हे जमेल, सांगा बरं!

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरलाच त्यांचं निधन झालं. १८१८ नंतर राजधानी इंदूरला गेली, गावाची रया गेली, पुढे माग थंडावले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकरांच्याच वंशजांनी तिथं विणकरांची संस्था काढली आणि महेश्वरी साडीचे माग पुन्हा खटखटू लागले.