सर दोराबजी टाटा : धावणाऱ्यांचा पाठीराखा

आमच्या नांदेड-लातूर भागात एखाद्याला टाटाला नेले असे कळले, की ऐकणारा पुढे काही विचारीत नाही. रोगाचे नाव घ्यावेच लागत नाही. आमच्या भावकीतल्या सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा त्यालाही देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला, परळला नेले. आज तो शाळेत जातो. अशा मुलांच्या रोगावरील संशोधनासाठी गेल्या हिवाळ्यात आम्ही काही विद्यार्थी दहा किलोमीटर धावलो आणि त्यासाठी गावोगाव वर्गणी मागितली. गावातल्या एका आजोबांनी मला विचारले, की पोरांनी धावायचे आणि रोग बरा व्हायचा, हा संबंध कसा काय? मला उत्तर सुचले नाही. पुढे ग्रंथालयात दोराबजींचे चरित्र हाती आले.

दोराबजी हे जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव. जन्म मुंबईचा, २७ ऑगस्ट १८५९ चा. दोन वर्षे केंब्रिजला राहिले, तेथे खेळांची गोडी लागली. १८८२ साली मुंबईत पदवी घेतली, काही काळ वृत्तपत्रातही काम केले. वडील १९०४ मध्ये वारले. त्यांनी योजलेला पोलादाचा कारखाना आणि विजेचा प्रकल्प दोराबजींनी उभा केला. हे सर्वांना ठाऊक आहे.

मला भावला तो १९१९ चा प्रसंग. दोराबजी तेव्हा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. तेथील स्पर्धेत धावणारी बहुतेक मुले शेतकऱ्यांची होती. पायांत काही नाही, शिकवायला कोणी नाही. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या! (पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी आमच्याकडची पोरे मला येथे आठवली.) श्रीमंत पाहुणा टाळ्या वाजवून घरी गेला असता. दोराबजींनी स्वतः पैसा घातला आणि १९२० मध्ये भारताचा संघ अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्या संघात होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले.

दोराबजींच्या पत्नी मेहेरबाईही खेळाडू होत्या. त्या साडी नेसून टेनिस खेळत. १९२४ मध्ये पोलादाचा कारखाना बुडू लागला. दोराबजींनी आपली सारी खासगी मालमत्ता बँकेकडे गहाण टाकली. मेहेरबाईंचा ज्युबिली हिराही त्यात होता. हा हिरा सुमारे २४५ कॅरटचा, म्हणजे कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. कारखाना वाचला.

१८ जून १९३१ रोजी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या काळी या रोगावर औषधच नव्हते, पैसा असून उपयोग नव्हता. लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत हाच सर्वांत जास्त आढळतो. दोराबजींना मूलबाळ नव्हते. मार्च १९३२ मध्ये त्यांनी जवळचे सारे धन विश्वस्त निधीला देऊन टाकले. एप्रिलमध्ये पत्नीच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला आणि त्याच्या उत्पन्नाचे चार-पंचमांश जगभरातील रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी ठेवले. यात देशी-परदेशी असा भेद त्यांनी केला नाही, याचे मला विशेष वाटते. पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला इंग्लंडकडे निघाले असता ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. ब्रुकवूडच्या दफनभूमीत आज दोघे शेजारी आहेत.

हिरा पुढे विकला गेला, पैसा त्याच निधीत आला. त्या निधीने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे रुग्णालय सुरू केले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे गेले. त्या खात्याचे प्रमुख होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे. मुलांच्या या कर्करोगावर औषधाचा गुण प्रथम दिसला तो १९४८ मध्ये, अमेरिकेत. आता वेळेवर आणि पुरते उपचार मिळाले तर बहुतेक मुले बरी होतात.

आजोबांना हे सांगायचे अजून राहिले आहे. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो की सांगेन. वर्गणी मात्र त्यांनी तेव्हाच दिली होती, पन्नास रुपये.