परीकथेतली काजळी
चार्ल्स किंग्स्ली (१८१९-१८७५) हे इंग्लंडमधील धर्मोपदेशक, पण त्यांना निसर्गविज्ञानाचे वेड होते. १८४९ च्या कॉलऱ्यात लंडनच्या बर्मंडसी वस्तीतले लोक गटाराचे पाणी पीत होते. त्यांना शुद्ध पाणी मिळावे म्हणून किंग्स्ली झटले.

१८६३ मध्ये त्यांचे मुलांसाठीचे ‘द वॉटर बेबीज’ आले. धुराडी साफ करणारा टॉम ओढ्यात पडून जलबालक होतो. त्याला पऱ्या भेटतात आणि पाण्यातल्या कुरूप किड्याची कात फुटून चतुर बाहेर पडतानाही दिसतो.

काजळीमुळे धुराडी साफ करणाऱ्यांना वृषणकोशाचा कर्करोग होतो, हे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच दाखवले होते. तरीही मुले धुराड्यात चढतच होती. पुस्तकाने लोकांना टॉमची कणव आली. जानेवारी १८७५ मध्ये किंग्स्ली वारले; त्याच वर्षीच्या कडक कायद्याने ती प्रथा मोडली.