भुकेशी झुंजलेला बीजसंग्राहक

एकाच पिकाचे एक वाण कडाक्याच्या थंडीत तग धरते, तर दुसरे मान टाकते. हा फरक येतो कुठून, या प्रश्नाचा माग काढत जगभर फिरलेले शास्त्रज्ञ म्हणजे निकोलाय वाविलोव.

त्यांचा जन्म १८८७ मध्ये मॉस्कोतील एका व्यापारी कुटुंबात झाला. रशियाला दुष्काळ नवे नव्हते. लोकांची भूक मिटवणे हेच ध्येय मानून त्यांनी कृषिशास्त्राचा अभ्यास केला आणि पुढे इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांच्याकडे आनुवंशिकीचे धडे घेतले.

१९१६ मध्ये ते इराण आणि पामीरच्या डोंगराळ भागात गेले. तिथे गव्हाच्या शेतांत राय हे तृणधान्य तणासारखे उगवत असे. जसजसे उंचावर जावे, तसतसे रायचे प्रमाण वाढे आणि अखेर शेतात गहू उरतच नसे. थंडीत गहू मरे, राय टिके. मग शेतकरी त्या तणालाच पीक मानत. हवामान वनस्पतीला नवा गुण शिकवत नाही. तिच्यात आधीच असलेल्या विविधतेतून ते निवड करते. ज्या रोपांच्या जनुकांत थंडी किंवा अवर्षण सोसण्याची क्षमता असते, त्यांचेच बी पुढच्या पेरणीला उरते. अशा असंख्य पिढ्यांनंतर स्थानिक वाण तिथल्या हवेला साजेसे बनते.

ही विविधता गोळा करण्यासाठी वाविलोव यांनी अफगाणिस्तान, इथिओपिया, जपान, मेक्सिको, पेरू असा प्रवास केला. पिकांची उगमस्थाने त्यांनी नकाशावर मांडली. त्यांत भारतही आहे. वांगे आणि आंबा ही इथली देणगी. लेनिनग्राडच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले. तीच वाणे देशाच्या वेगवेगळ्या भागांत पेरून कोणते कुठे तगते, हेही त्यांनी तपासले.

पण नवे वाण तयार व्हायला वर्षे लागतात आणि स्टालिन यांच्या राजवटीला घाई होती. त्रोफिम लायसेन्को यांनी सोपा मार्ग दाखवला. भिजवलेले बी थंडीत ठेवून पेरले, की हिवाळी गहू वसंतात पेरूनही ओंब्या धरतो. इथवर खरे होते. मात्र हा बदल पुढच्या पिढ्यांतही उतरतो, हा त्यांचा दावा चुकीचा होता. गव्हाला फुलण्याआधी थंडी लागते की नाही, हे जनुकांवर ठरते. मिळालेल्या थंडीचा परिणाम नव्या बियाण्यात पुसला जातो. वाविलोव आनुवंशिकीच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. ऑगस्ट १९४० मध्ये, युक्रेनमध्ये नमुने गोळा करत असतानाच, त्यांना अटक झाली. फाशीची शिक्षा पुढे २० वर्षांच्या कैदेत बदलली, पण जानेवारी १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने खंगून त्यांचा मृत्यू झाला.

याच काळात जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला होता. संस्थेतील सहकारी तांदूळ, गहू, शेंगदाण्यांच्या साठ्यावर पहारा देत होते. त्यांतील अनेक जण भुकेने मेले. बियाण्याला मात्र कोणी हात लावला नाही.

१९५५ मध्ये वाविलोव यांना निर्दोष ठरवण्यात आले आणि पुढे त्या संस्थेला त्यांचेच नाव मिळाले. आज तापमान वाढते आहे, पावसाचे वेळापत्रक बिघडते आहे. उष्णता किंवा पाण्याचा ताण सोसणारे वाण हवे असेल, तर संशोधकांना असेच संग्रह आणि शेतकऱ्यांनी जपलेली जुनी वाणे धुंडाळावी लागतात. एखादे गावरान वाण कायमचे नाहीसे झाले, तर त्या हवामानाने पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या जनुकांचा संच त्याच्यासोबतच जातो.