गणिताचे प्राध्यापक थेट इतिहासकार कसे झाले? जाणून घ्या डी. डी. कोसंबींचा प्रवास

प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरायला हाती जेमतेम काही दिवस असतात. इंजिनीअरिंगची शाखा मी तर अर्ध्या तासात निवडली होती! दामोदर धर्मानंद कोसंबींचं इतिहासाचं पहिलं मोठं पुस्तक मात्र पदवीनंतर तब्बल 27 वर्षांनी आलं.

1907 मध्ये गोव्यात जन्मलेले कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव. हार्वर्डमध्ये गणितज्ञ बर्कहॉफ यांनी त्यांना फक्त गणितावर लक्ष द्यायला सुचवलं. कोसंबींनी ते ऐकलं नाही, इतर विषयही घेतले. 1929 मध्ये पदवी घेऊन, पीएचडी न करताच ते परतले. बनारस, अलीगढ आणि मग पुण्यात फर्ग्युसन कॉलेजला गणित शिकवू लागले.

नाणी का मोजली?

संख्याशास्त्र शिकायचं तर खरी उदाहरणं हवीत, म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी घेतली. चांदीची ही नाणी ठरावीक वजनाची असत आणि हातोहात फिरताना झिजत. जितका काळ चलनात, तितकं सरासरी वजन कमी आणि नाण्यानाण्यांतला फरक जास्त. म्हणजे एकाच साठ्यातली जुनी कोणती, नवी कोणती, हे तराजू सांगू शकतो. तक्षशिलेची नाणी त्यांनी अशीच तपासली. पद्धत पडताळायला त्या वेळच्या चलनातली साधी नाणीही तोलली.

पण ती पाडली कोणी? उत्तरासाठी जुने ग्रंथ वाचायला हवेत, म्हणून संस्कृत. त्यातून 1948 मध्ये भर्तृहरीच्या काव्याची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. मग हे लिहिणारे कोणत्या समाजातले, हा प्रश्न आला. ग्रंथांत मिळेना ते शोधत ते पुण्याजवळच्या टेकड्या, लेणी, गावदेवतांची ठाणी पायी फिरले. 1956 मध्ये त्यांचं भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारं इंग्रजी पुस्तक आलं.

गणित सुटलं नव्हतं. जनुकांमधलं अंतर काढण्याचं त्यांचं 1944 चं सूत्र 'कोसंबी फंक्शन' म्हणून आजही वापरात आहे.

याची किंमतही होती. इतिहासाच्या प्राध्यापकाची नोकरी त्यांनी कधीच केली नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला त्यांचा करार 1962 मध्ये पुढे वाढवला गेला नाही. 29 जून 1966 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा ते 58 वर्षांचे होते.